कापसाचे जागतिक व्यासपीठ आणि वऱ्हाडचे संशोधन

(दर्यापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडचा कापूस आणि बाहेरचे जग यांचा संबंध आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने कापसाची जी जात विकली जाई, तिचे नाव उमरावती, म्हणजेच आपल्या अमरावती शहरावरून पडलेले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापसाची निर्यात थांबली आणि वऱ्हाडातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि येथील भाव कोसळला. येथील कास्तकाराने ते युद्ध पाहिले नव्हते. भाव चढला तो कशामुळे आणि उतरला तो कशामुळे, हे समजून घेण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नव्हते.

पुढे १९१३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव या मार्गाने अचलपूरपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ती आजही लोकांच्या स्मरणात आहे. १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत राबले. ही रेल्वे मुख्यतः कापसासाठी टाकण्यात आली होती. येथील रुई तिच्या डब्यांतून मुंबईकडे व तेथून परदेशी गेली. परंतु त्या रुईची जगात किती मागणी आहे, तिच्यापेक्षा सरस धागा कोठे पिकतो आणि त्यामागे कोणते संशोधन आहे, ही माहिती मात्र त्या गाडीने परत कधी आणली नाही. माल गेला, माहिती आली नाही, हे वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासातील मोठे वैगुण्य होय. ते दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. राष्ट्राराष्ट्रांच्या आर्थिक व्यासपीठांवर आपल्या देशाला स्थान असणे हा पहिला, आणि आपल्या संशोधकांच्या कार्याला योग्य ती मान्यता मिळणे हा दुसरा. हे दोन्ही मार्ग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हाच आजचा विषय आहे.

कापूस पिकविणाऱ्या राष्ट्रांची समिती

१९३० नंतरच्या दशकात जगभर मंदी होती. कापसाच्या गाठी गोदामांत पडून राहिल्या आणि भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेले. एकेका देशाने आपापल्या परीने उपाय केले, परंतु एका देशाने पेरा कमी केला की दुसरा देश तो वाढवी. तेव्हा कापूस पिकविणाऱ्या देशांचे प्रतिनिधी १९३९ मध्ये वॉशिंग्टन येथे एकत्र आले आणि त्यातून आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीची स्थापना झाली. भारताचा या समितीशी संबंध आरंभापासूनचा आहे.

ही समिती कापूस खरेदी करीत नाही, भाव ठरवीत नाही आणि कोणत्याही शासनावर बंधन घालीत नाही. नावाप्रमाणेच तिचे काम सल्ल्याचे व माहितीचे आहे. कोणत्या देशात किती पेरा झाला, गिरण्यांनी किती रुई वापरली, हंगामाअखेर किती साठा शिल्लक राहिला, याचे आकडे ती गोळा करते व सर्वांसाठी प्रसिद्ध करते. निरनिराळ्या देशांतील संशोधकांना ती एकत्र आणते. समितीची वार्षिक अधिवेशने सदस्य देशांत भरतात. मुंबईत असे अधिवेशन २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये भरले होते.

केवळ आकडे गोळा करून शेतकऱ्याचा काय लाभ, असा प्रश्न येथील पंचायत सदस्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणातून मिळते. श्रीमंत राष्ट्रे आपल्या कापूस उत्पादकांना जे भरघोस अनुदान देतात, त्यामुळे जागतिक बाजारात भाव दबतात, अशी तक्रार आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार लहान देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेसमोर मांडली. हे देश धनाने मोठे नव्हते आणि बळानेही नव्हते. परंतु कोणते राष्ट्र कापसावर किती अनुदान देते, याचे आकडे सल्लागार समितीच्या अहवालांतून प्रसिद्ध होत आलेले होते. त्यामुळे त्यांची तक्रार केवळ गाऱ्हाणे न राहता तिला पुराव्याचे बळ मिळाले. दुर्बळाच्या हाती विश्वसनीय आकडा असणे ही मोठी शक्ती आहे. ग्रामपंचायतीच्या सभेत ही गोष्ट जितकी खरी, तितकीच राष्ट्रांच्या सभेतही खरी आहे.

सदस्यत्व आणि संशोधकांचा सन्मान

आर्थिक व्यासपीठाचे सदस्यत्व म्हणजे केवळ व्यापाराची सोय, असा एक समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य मंच १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे स्थापन झाला. प्रारंभी त्याचे १२ सदस्य होते, पुढे ते २१ झाले. फिलिपाईन्स हा देश आरंभापासून त्याचा सदस्य आहे. भारताने १९९१ पासून इच्छा दर्शविली असली, तरी भारत या मंचाचा सदस्य झालेला नाही. २०११ पासून हा मंच तरुण शास्त्रज्ञांसाठी एक पुरस्कार देतो. सदस्य देशांनी आपापल्या उमेदवाराचे नाव सुचवावे, अशी त्याची पद्धत आहे. मनिलाजवळच्या एखाद्या प्रयोगशाळेतील तरुणाचे नाव त्यासाठी जाऊ शकते. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेतील तितक्याच गुणी तरुणाचे नाव भारताकडून जाऊ शकत नाही. सदस्यत्वामुळे कोणती दारे उघडतात व त्याच्या अभावी कोणती बंद राहतात, हे यावरून ध्यानी येईल.

फिलिपाईन्सचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात घेण्याजोगे आहे. त्या देशातील लोस बान्योस येथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. १९६६ मध्ये तेथून प्रसारित झालेला ‘आय.आर. ८’ हा भाताचा वाण इंडोनेशियातील एक जात आणि तैवानमधील एक बुटकी जात यांच्या संकरातून तयार झाला होता. एका देशाचे बी, दुसऱ्या देशाचे बी आणि तिसऱ्या देशाची भूमी एकत्र आल्यामुळे आशियातील कोट्यवधी लोकांच्या ताटात भात आला. प्रादेशिक सहकार्याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

त्या देशाने आपल्या संशोधकांचा मान राखण्याची व्यवस्थाही केली. ‘राष्ट्रीय शास्त्रज्ञ’ हा सन्मान तेथे १९७६ मध्ये शासकीय आदेशाने सुरू झाला. १९८० मध्ये हा सन्मान मिळविणाऱ्या डॉ. फे देल मुंडो या बालरोगतज्ज्ञ होत्या. वीज नसलेल्या खेड्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब मिळावी म्हणून बांबूच्या टोपल्यांची पेटी वापरण्याची युक्ती त्यांनी काढली. देशाने ज्यांना सर्वोच्च मान दिला, त्यांत खेड्यातील अडचण जाणणाऱ्या संशोधक होत्या, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष नोंद घ्यावी अशी आहे.

नागपूरच्या संशोधनाला मिळालेला मान

आशिया-प्रशांत मंचाचे दार भारताला बंद असले, तरी कापसाच्या समितीचे दार खुले होते. या समितीने ‘वर्षातील कापूस संशोधक’ हा सन्मान सुरू केला आणि २००९ चा पहिला सन्मान नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील डॉ. केशव क्रांती यांना मिळाला. ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. म्हणजे विदर्भाच्या भूमीवरील संस्थेला हा मान मिळाला. डॉ. क्रांती पुढे संस्थेचे संचालक झाले आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय समितीच्याच तांत्रिक विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्यांचे कार्य कशाविषयी होते, हे येथील कास्तकाराला सांगावे लागणार नाही. १९९० नंतरच्या दशकात हिरव्या बोंडअळीवर कीटकनाशकांचा परिणाम होईनासा झाला. फवारण्या वाढल्या, खर्च वाढला, अळी मात्र जिवंत राहिली. एकाच प्रकारच्या औषधाचा वारंवार मारा झाला की जगून उरलेल्या अळीची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. ही प्रतिकारशक्ती कोठे व किती वाढली आहे, याचे मोजमाप करणे आणि कोणते औषध केव्हा वापरावे, केव्हा अजिबात वापरू नये, याचे वेळापत्रक गावागावांत पोहोचविणे, हे या संशोधनाचे स्वरूप होते. २००२ मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाल्यावर बाजारात बनावट बियाणे येऊ लागले. तेव्हा बियाण्यात वा पानात बी.टी. प्रथिन आहे किंवा नाही, हे जागच्या जागी तपासण्याचा संच या संस्थेने तयार केला. प्रयोगशाळेतील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत आणणाऱ्या कार्याचा हा गौरव होता.

सन्मान मिळाल्याने संकटे संपली असे मात्र नव्हे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील पऱ्हाटीचे किती नुकसान केले, हे सर्वश्रुत आहे. बी.टी. वाणालाही ती अळी जुमानेनाशी झाली होती. जगात कापसाखालील सर्वाधिक क्षेत्र असलेल्या देशांत भारत अग्रभागी आहे, परंतु हेक्टरी रुईचे उत्पादन साडेचारशे किलोच्या आसपास घोटाळते आणि जगाची सरासरी त्याहून पुष्कळ अधिक आहे. महाराष्ट्रातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न

या ठिकाणी दर्यापूर तालुक्याचा प्रश्न समोर येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा आहे. जमीन काळी, खोल व कसदार दिसते. परंतु भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहीर खोदूनही ओलिताची सोय होत नाही. खारे पाणी दिले तर चिकण मातीतील सोडियमचे प्रमाण वाढते, माती घट्ट होते आणि पाण्याचा निचरा थांबतो. पिण्याच्या पाण्यासाठी येथील माताभगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले हाल वेगळेच. यास्तव पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठविणे, रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी करून जादा पाणी बाहेर काढणे, आवश्यक तेथे जिप्समचा वापर करणे, हेच येथील उपाय आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जागतिक बँकेच्या साहाय्याने या पट्ट्यातील गावांचाही समावेश करण्यात आला.

अशा भूमीसाठी मँचेस्टरला किंवा मनिलाला संशोधन होणार नाही. ते येथेच व्हावयास हवे, आणि ते होतही आले आहे. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला पापळ या अमरावती जिल्ह्यातील गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. ते देशाचे कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीला जागतिक कृषी मेळा भरविण्यात आला, त्यामागे त्यांचीच दृष्टी होती. भारतीय शेतकऱ्याने जगाचे ज्ञान डोळ्यांनी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने देशी कापसाचे ‘ए.के.ए. ७’ व ‘ए.के.ए. ८४०१’ यांसारखे वाण दिले. देशी पऱ्हाटीचे सोटमूळ खोल जाते, पावसाचा खंड ती अधिक सोसते आणि रस शोषणाऱ्या किडींचा तिला त्रास कमी होतो.

अतिघन लागवडीचे प्रयोगही याच भागात रुजले. ९० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे साडेअठरा हजार झाडे बसतात. ९० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर ती चौऱ्याहत्तर हजारांवर जातात. एका झाडाला बोंडे थोडी, परंतु झाडे पुष्कळ, असे हे गणित आहे. बोंडे थोड्या काळात फुटतात आणि हंगाम लवकर आटोपल्याने उशिरा वाढणाऱ्या गुलाबी अळीला मुक्कामाला जागा राहत नाही. अर्थात दर्यापूरसारख्या भारी जमिनीत झाडांची वाढ आवरण्यासाठी वाढनियंत्रकाचा योग्य वापर करावा लागतो; केवळ अंतर कमी केले म्हणजे झाले, असे नाही. हीच पद्धत अकोल्याच्या नावाने देशभर चर्चिली जात आहे. एके काळी अमरावतीचे नाव मालावरून जगाला माहीत झाले होते. आता अकोल्याचे नाव पद्धतीवरून माहीत होत आहे. या दोहोंतील फरक मोलाचा आहे.

शेतातील संशोधकाची ओळख

श्रोतेहो, संशोधक केवळ प्रयोगशाळेतच असतो असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ च्या सुमारास त्यांना धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली. त्यांतून बारीक दाण्याचा जो वाण तयार झाला, तो त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एच.एम.टी.’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि अनेक राज्यांत पसरला. पुढे कृषी विद्यापीठाकडूनही त्याच नावाशी जोडलेला वाण प्रसारित झाला आणि मूळ श्रेय कोणाचे, याविषयी दीर्घकाळ चर्चा होत राहिली. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. तथापि वाणापासून लाखो शेतकऱ्यांना झालेल्या लाभाच्या मानाने त्यांच्या वाट्याला आर्थिक स्वास्थ्य आले नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

दादाजींनी वाण शोधला तेव्हा शेतकऱ्याच्या हक्काची नोंद करणारा कायदा देशात नव्हता. तो २००१ मध्ये संमत झाला. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानुसार शेतकऱ्याला स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणी आपल्या नावे करता येते आणि त्यासाठी त्याला नोंदणी शुल्क पडत नाही. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा त्याचा हक्कही या कायद्याने मान्य केला आहे. नाममुद्रेच्या वेष्टनात ते विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे. नोंदणीच्या अर्जावर जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती यांपैकी एकाचे समर्थन घेता येते.

ही शेवटची तरतूद ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावयास हवी. २००२ च्या जैवविविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने अशी समिती स्थापन करावयाची आहे आणि गावातील जैवसंपदेची लोकनोंदवही तयार करावयाची आहे. अनेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि नोंदवही कपाटात. ज्या गावच्या नोंदवहीत तेथील मुगाचा, ज्वारीचा किंवा देशी पऱ्हाटीचा जुना वाण त्याच्या राखणदाराच्या नावासह लिहिलेला नसेल, त्या गावच्या शेतकऱ्याचा हक्क उद्या सिद्ध करणे कठीण जाईल. ज्याची नोंद नाही त्याची मान्यता नाही, हा राष्ट्रांच्या व्यासपीठावरील नियम गावालाही तसाच लागू आहे.

प्रत्येकाच्या वाट्याचे काम

वॉशिंग्टन, कॅनबेरा किंवा मनिला येथे काय घडते, त्याचा दर्यापूरशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर आता स्पष्ट व्हावे. राष्ट्राला व्यासपीठावर स्थान मिळविणे हे केंद्र शासनाचे काम आहे. परंतु त्या व्यासपीठावर देश जो आकडा ठेवतो, तो आकडा येथूनच जातो. पीकपाहणीत पेरा चुकीचा नोंदला गेला, जिनिंगमध्ये आलेल्या कापसाचा हिशेब अपुरा राहिला, तर राज्याचा अंदाज चुकतो, देशाचा चुकतो आणि त्या चुकीवर आधारलेल्या आयात-निर्यातीच्या निर्णयाचा फटका पुन्हा येथील कास्तकारालाच बसतो. अधिकारी वर्गाने पीकपाहणीकडे एक दप्तरी उपचार म्हणून न पाहता या दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा रास्त ठरेल.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. कापसाच्या पट्ट्यातील विद्यार्थ्याला परदेशातील शोधकांची नावे पाठ असतात. परंतु नागपूरच्या संस्थेत कोणते काम झाले, अकोल्याच्या विद्यापीठाने कोणते वाण दिले आणि दादाजी खोब्रागडे कोण होते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. शाळेच्या परिसरातील विहिरीच्या पाण्याची क्षारता मोजणे, दोन निरनिराळ्या अंतरांवर लावलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांची मोजदाद ठेवणे, असे साधे प्रयोग शाळेला करता येतील. खारपाणपट्ट्यातील प्रश्न ज्याने लहानपणी मोजून पाहिला आहे, तोच पुढे त्याचे उत्तर शोधण्यास निघेल.

पंचायत सदस्यांनी जैवविविधता समितीची बैठक वेळेवर घ्यावी, नोंदवही पूर्ण करावी आणि गावात जुने बी जपणारे जे कोणी असतील, बहुतेक ठिकाणी त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियाच असतात, त्यांची नावे तीत आवर्जून लिहावीत. ग्रामसभेत त्यांचा सत्कार करावा. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अंदाजपत्रकात कापसाची उत्पादकता वाढविण्यासाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. अशा अभियानाचे यश बियाण्यावर व निधीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते प्रत्येक तालुक्यातील खऱ्या आकड्यांवर आणि तेथील अनुभवी माणसांच्या ज्ञानावर अवलंबून असते. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्याचा अनुभव त्यात यावयाचा असेल, तर तो येथील लोकांनीच नोंदवून पुढे पाठविला पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी येथून केवळ रुई बाहेर गेली. यापुढे रुईबरोबर येथील ज्ञानही जावे, त्यावर येथील माणसांचे नाव असावे आणि जगाचे ज्ञान येथील बांधापर्यंत परत यावे, यासाठी सर्वांनी आपापल्या जागी कामास लागावे.